बजाजनगरची मुंडकीवाली

बजाजनगरात येऊन माझ्या दुकानाचं नाव विचारलंत तर कुणी पत्ता सांगणार नाही. पाटीवर झकास इंग्रजी नाव आहे, मुलानं हौसेनं ठेवलंय, पण ते मलाच एका दमात म्हणता येत नाही. त्यापेक्षा "मुंडकीवाली कुठं बसती?" असं विचारा. टपरीवरचा चहावाला हातातलं गाळणं खाली न ठेवता हनुवटीनं रस्ता दाखवेल.

नाव का पडलं ते दुकानासमोर आलं की कळतं. काचेच्या कपाटात रांगेनं माणसांची डोकी मांडलेली असतात. पांढरी, करडी, एखादं भगवं. लहान मुलं काचेला नाक लावून बघतात. गल्लीत नवीन राहायला आलेल्या बायका मात्र पहिले काही दिवस समोरच्या बाजूनं चालतात.

मूळची मी फोटोतली. गुलमंडीवरच्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायचे. लग्नाच्या अल्बममधल्या नवऱ्या गोऱ्या करायच्या, पासपोर्टच्या फोटोतली मुरमं पुसायची, घरातल्या सगळ्यांच्या फोटोतून भांडण झालेला जावई कापून काढायचा आणि तिथं कुंडी ठेवायची. अशा कितीतरी कुंड्या मी या शहरात लावल्यात. पुढं लोकांच्या हातात फोन आले, जो तो आपापलं आपण गोरा व्हायला लागला आणि स्टुडिओवर माशा बसल्या. माझे यजमान वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, साचे बनवायच्या टूलरूममध्ये होते. त्यांच्या ओळखीनं एका कारखान्यानं मोडीत काढलेलं थ्रीडी प्रिंटिंगचं मशीन घरी आलं. "घे, आता कुंडी खरीच काढ," ते म्हणाले.

मशीन काय करतं ते दिवाळीच्या दिवसांत समजावणं सोपं. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. पिठाऐवजी प्लास्टिकची तार, ती गरम होऊन बारीक धार सुटते, आणि सोऱ्या कॉम्प्युटर सांगेल तसा फिरत एकावर एक थर देत जातो. चकली आडवी पसरते, ही उभी वाढते, इतकाच फरक. बिघडली तर तुकडे पडतात, तेही चकलीसारखंच.

कॉम्प्युटरला मात्र वस्तूची उंची-खोली सांगावी लागते. मला नवीन काही येत नव्हतं, पण माझ्या जुन्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कोपऱ्यात तशी सोय होती. फोटो काळा-पांढरा करायचा. जे पांढरं ते उंच, जे काळं ते खोल. झालं चित्र उठावाचं. पुढं सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं नव्या अपडेटमध्ये ती सोय काढून टाकली, म्हणून तो जुना कॉम्प्युटर मी आजतागायत इंटरनेटला लावलेला नाही. त्याला जगात काय चाललंय ते कळू द्यायचं नाही, असं आमचं धोरण आहे.

पांढरं उंच, काळं खोल. ऐकायला किती सरळ! पहिलंच मोठं काम आलं ते एका गावच्या पुढाऱ्याचं. वाढदिवसाला कार्यकर्त्यांना त्यांचा चेहरा भेट द्यायचा होता. मी फोटो घातला, मशीन लावलं आणि निवांत भाजी निवडत बसले. तयार झालं ते बघून माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. पांढऱ्या फेट्याचा डोंगर झाला होता आणि काळ्याभोर मिशीच्या जागी नाकाखालून नाली गेली होती. मी घाबरून फोटो उलटा केला, काळं वर आणि पांढरं खाली. आता मिशी दणक्यात वर आली, पण हसरे दात घशात गेले. कार्यकर्ते आले, त्यांनी दोन्ही नग हातात धरून बघितले. एक म्हणाला, "ताई, साहेबांच्या मिशीत पाणी साठंल."

त्या दिवसापासून मी चेहरा नव्यानं शिकले. मिशी रंगानं काळी, पण अंगानं उंच. कुंकू लाल, पण खड्डा नव्हे. रंग पुसून टाकायचा आणि नुसता चढ-उतार ब्रशनं रंगवायचा. इतकी वर्षं गिऱ्हाइकं म्हणायची, "गोरी करा," आणि मी करायचे. आता ब्रश पांढऱ्यात बुडवला की कुणी गोरं होत नाही, फक्त नाक वर येतं. कामाचं समाधान काय असतं ते मला उतारवयात कळलं.

आता सांगायचीय ती अनिताची गोष्ट.

ती आली तेव्हा टळटळीत दुपार होती. वाळूजच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात कामाला होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. कपाटातली डोकी तिनं बाजारात टोमॅटो बघावेत तशी बघितली आणि म्हणाली, "ताई, माणसाचं आख्खं डोकं करता ना?"

"कुणाचं करायचंय?"

"होणाऱ्या नवऱ्याचं. म्हणजे, होऊ दिलं तर."

मग स्टूल ओढून तिनं सगळं सांगितलं. घर हर्सूलच्या पुढं एका वाडीवर. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारं कुटुंब, आता थोडी शेती, थोडी मेंढरं आणि बाकीचे कंपनीत. घरात शब्द आजीचा. वडील "आई म्हणंल तसं" एवढंच वाक्य बोलतात. अनिताला पैठणकडचा सचिन पसंत होता, तिच्याच कंपनीतला. जातीचा, देण्याघेण्याचा काही प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की पोरगा पोरीनं स्वतः शोधला होता, आणि तिचे काका, बाबुराव, यांनी आपला एक आधीच हेरून ठेवला होता.

"आजी काय म्हणते?"

"आजी म्हणती, मी बघितल्याबिगर नात देत नसते."

"मग दाखव की नेऊन."

"अहो ताई, तिला दिसत नाही! काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मी लहान होते तेव्हाच."

"मग हात लावून..."

"तेच मी म्हणाले. तर म्हणती, परक्या पोराच्या तोंडावरून हात फिरवू व्हय? वाडी काय म्हणंल?"

मला आजीचं कौतुक वाटलं. बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही, बघता येत नाही, हात लावायचा नाही. कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकली होती बाईनं. आणि ही पोरगी नवी किल्ली पाडून घ्यायला माझ्याकडं आली होती.

फोनमधल्या एका फोटोवर भागणार नाही, असं मी तिला सांगितलं. समोरच्या फोटोत नाक किती पुढं आलंय तेच कळत नाही. माणूस बसवून चारी बाजूंनी फोटो काढावे लागतात, ते जोडून मुलानं आणलेला नवा कॉम्प्युटर डोकं उभं करतो आणि मग मी साफसफाई करते. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"ताई, नाक जरा शिस्तीत काढा बरं का."

सचिन आला, त्याचं नाक बघितलं आणि मला शिस्तीचा अर्थ कळला. नाक निघतं सरळ, पण मध्येच काहीतरी आठवल्यासारखं डावीकडं वळतं. पोरगा गोड होता. मी कॅमेरा घेऊन भोवती फिरायला लागले तसा आखडून बसला. "श्वास घेतला तर चालतो का?" विचारलं. मी हो म्हटल्यावर त्याला हसू फुटलं आणि सगळे फोटो वाया गेले. दुसऱ्यांदा काढले, तेव्हा मी नाकाची गोष्ट काढली. म्हटलं, हवं असेल तर माऊसनं सरळ करता येईल, एका मिनिटाचं काम आहे.

"नको ताई. उद्या खरोखर आजीचा हात लागला, तर मशीनला शिव्या बसतील. आहे तसं राहू द्या."

मी आहे तसं काढलं. अनिताला नाक दिसताच तिचा चेहरा पडला, पण तिनं डोकं ओढणीत गुंडाळून पिशवीत घातलं आणि गेली. बसमध्ये गर्दीत ओढणी सरकली म्हणे. शेजारच्या बाईनं पिशवीतून एक डोळा वर बघताना पाहिला आणि अशी किंचाळली की कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. अनितानं सगळ्या बसला नवरा दाखवला. निम्म्या बसनं पसंत केला.

आजीनं मात्र दोन दिवस डोक्याला हात लावला नाही आणि मग निरोप धाडला. अनिता पाय आपटत दुकानात आली.

"आजी म्हणती, एकच मेंढी दाखवून बाजार व्हतो का? दुसरं बी आणा."

दुसरं म्हणजे काकांचं. बाबुरावकाकांना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी आपला उमेदवार लगोलग दुकानात हजर केला. विशाल त्याचं नाव, फुलंब्रीकडचा, घरी दोन जेसीबी. केस असे बसवलेले की वादळ आलं तरी हलायचे नाहीत. फोनमधला फोटो त्यानं आधीच दाखवला. त्यात त्याचे गाल इतके गुळगुळीत होते की माशी बसली तर घसरावी. मला माझ्या जुन्या धंद्यातली गिऱ्हाइकं लगेच ओळखू येतात. त्यालाही खुर्चीत बसवून फोटो काढले. तो चळवळला नाही, उत्तम बसला. प्रत्येक फोटोत डावी बाजू पुढं करायचा, तेवढंच.

"मॅडम," तो म्हणाला, "हनुवटी जरा भरायची. जबडा पाहिजे. हिरोसारखा."

"किती भरू?"

"भरा बिनधास्त."

तो बाहेर फोन घ्यायला गेला, तसे बाबुराव काउंटरवर वाकले. "ताई, हे तर चांगलं कराच. पण त्या पैठणवाल्याचं डोकं तुमच्या कॉम्प्युटरात असंल ना अजून? म्हणावं, पहिलं नीट निघालं न्हवतं, हे घ्या दुसरं. नाक अजून थोडं... मशीन बिघडतं की कधी कधी."

"बिघडतं," मी म्हटलं, "पण नाक निवडून बिघडत नाही."

ते हसले. मीही हसले. पण मनात खरं सांगू? ते गेल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले तेव्हा दोन्ही डोकी पडद्यावर शेजारी शेजारी होती. एकीकडं पोरगी म्हणतेय नाक सरळ करा, दुसरीकडं काका म्हणतात वाकडं करा, आणि माऊस माझ्या हातात. स्टुडिओत इतके चेहरे बदलले, पण त्यावर कुणाचं लग्न असं टांगलेलं नव्हतं. मला सचिन आवडला होता. म्हणून त्याच्या नाकाला मी बोट लावलं नाही. आणि विशालचं? गिऱ्हाईक म्हणालं होतं बिनधास्त. मी गिऱ्हाइकाचा शब्द कधी खाली पडू देत नाही. जबडा भरला, आणखी भरला, हनुवटीला पुढं ओढली. विशालला फोनवर चित्र पाठवलं. त्याचा उलट निरोप आला: एक नंबर!

डोकं घेऊन मीच यावं, असा आजीचा हट्ट होता. गेले. वाडीवर लिंबाखाली बाज टाकलेली, बाजेवर कौसाबाई. म्हणजे आजी. काटक बाई, हिरवं लुगडं, दंडावर गोंदण. माझ्या पावलांवरूनच विचारलं, "मुंडकीवाली का? ये. चपला काढू नको, काटं हायती." बाबुराव, अनिता, अनिताचे वडील सगळे भोवती. पलीकडं दोन कोकरं एकमेकांना ढुशा देत होती.

दोन्ही डोकी बाजेवर ठेवली. आजीनं आधी विशालचं घेतलं. कपाळ, नाक, गाल. "हं." मग हात खाली आला आणि थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. एका हातात हनुवटी मावेना, तसा तिनं दुसरा हात लावला.

"बाबुराव, ह्यो काय खातो रं? पेंड?"

"आई, मर्दानी जबडा हाय तो."

"व्हय, हाय की. वैरण चांगली लागंल."

अनितानं पदराआड तोंड लपवावं, तर ड्रेसला पदर नव्हता. ती गोठ्याकडं तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. आजीनं मग सचिनचं डोकं घेतलं. नाकापाशी बोट डावीकडं गेलं. डोकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सगळे आत जा. च्या करा. ही बाई थांबंल."

सगळे गेल्यावर तिनं माझं मनगट पकडलं.

"आता खरं सांग. बसले कसे दोघं?"

"म्हणजे?"

"अगं, तोंडावरून माणूस वळखतो व्हय? मला डोळे होते तवा बी वळखला नाय. बाबुरावचा बाप लई देखणा होता." इथं तिनं माझं मनगट सोडलं. "लई. तू सांग, तुझ्या दुकानात कोण काय बोललं?"

मला तेव्हा कळलं की दुसरं मुंडकं मागवून मलाच बोलवायची ही वरात कशासाठी होती. बाईला चेहरे बघायचेच नव्हते. दोन्ही पोरं एका तिऱ्हाईत बाईसमोर, काही बोलणी-बिलणी नसताना बसावीत आणि त्या बाईला आपण गाठावं, एवढाच डाव. मी हेर होते आणि मलाच पत्ता नव्हता. मग मी सांगून टाकलं. सचिन हसला ते, श्वासाचं विचारलं ते, नाक आहे तसं ठेवा म्हणाला ते. विशालनं हनुवटी भरून मागितली ते. बाबुराव काय म्हणाले ते मात्र गिळलं, घरात भांडण कशाला लावा.

"आन् आमची काय म्हणाली?"

मी कोकरांकडं बघायला लागले.

"बोल की. काय म्हणाली?"

"म्हणाली, नाक जरा शिस्तीत काढा."

आजी इतकी हसली की बाज करकरली. मग हाक मारली, "अने! हिकडं ये!"

अनिता चहा घेऊन आली.

"नाक शिस्तीत काढा म्हणाली व्हय गं? तुलाच नाक पसंत नाय, आन् माझी हो मागती?"

अनितानं माझ्याकडं असं बघितलं की मी कपबशीत बघायला लागले. "आजी, मला पसंतच आहे. तुला आवडायचं नाही म्हणून..."

"त्या नाकाकडं जल्मभर तुला बघायचंय. मला काय दिसतंय?"

"मला चालतंय ते नाक," अनिता चिडून म्हणाली. "वाकडं आहे, चालतंय. मला तसंच पाहिजे!"

"मग हे पैल्या दिवशी का नाय म्हणाली? रोज येऊन सांगती, पगार चांगलाय, घर चांगलंय, निर्व्यसनी हाय. मला तसाच पाहिजे, हे एकदा तरी म्हणाली का?"

चहावर साय धरली.

पुढचा प्रश्न बाबुरावांची समजूत घालायचा होता. माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त आपलं ऐकलं जावं एवढंच त्याला हवं होतं. आजीनं त्याला बोलावलं, शेजारी बसवलं, विशालचं डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बाबुराव, पोरगा तू हिरा शोधला. खोटं नाय. पर इतका देखणा माणूस आपल्या घरात पचत नाय. मी येकदा पचवून बघितलाय. ते पैठणचं आपल्या मापाचं हाय. लग्नाचं सगळं तूच बघायचं, दुसऱ्या कुणाला जमायचं नाय."

बाबुरावांनी डोक्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "मांडव कुठं घालायचा?" त्यांनी विचारलं. झालं. त्या क्षणापासून लग्न त्यांचं होतं.

विशालबद्दल उगाच कुणाला वाईट वाटू नये म्हणून सांगते. बाबुरावांनी परत आणून दिलेलं आपलं डोकं तो दुकानातून हौसेनं घेऊन गेला आणि जेसीबीच्या काचेमागं बसवलं. त्याच्या मित्रांना ते इतकं आवडलं की पुढचे कितीतरी महिने फुलंब्रीकडून माझ्याकडं जबडे भरायला गिऱ्हाइकं येत होती. त्याचंही लग्न झालं. बायको पार्लर चालवते. सुखात आहेत.

लग्नाच्या आठवडाभर आधी दुकानासमोर जीप थांबली. अनिताच्या वडिलांनी आजीला हात धरून उतरवलं, मागून अनिता, बडबड चालूच. पत्रिका द्यायला आले असतील असं मला वाटलं. पण आजी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हिचं बी एक मुंडकं काढ."

"माझं कशाला?" अनिता म्हणाली.

"तू जाणार. मला काय ठेवशील? डोळे गेले तवा ही एवढीशी होती, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. आवाज मोठा झाला, पर माझ्या डोक्यात अजून तीच पळती. हात लावायला गेलं की हिला गुदगुल्या होतात, लगेच निसटती. कव्हाच नीट बघू दिलं नाय." मग माझ्याकडं तोंड करून, "आन् तोंड मिटलेलं काढ. उघडं काढलं तर त्यातून बी भांडंल."

अनिताचे फोटो काढणं म्हणजे मेंढराला दागिना घालण्यासारखं. बोलते, वळते, हसते. कसेबसे जमले. चेहरा साफ करताना मी काही म्हणजे काही बदललं नाही. कपाळावरची एक बारीक खूणसुद्धा, फोटोच्या दिवसांत मी जी पहिल्या फटक्यात पुसली असती, ती ठेवली.

डोकं तयार झालं तेव्हा सगळे परत आले. मी ते आजीच्या मांडीवर ठेवलं. तिनं कपाळापासून सुरुवात केली. त्या खुणेवर बोट थांबलं, ओळखीचं भेटल्यासारखं. मग भुवया, डोळे, गालाची हाडं. हात फार हळू चालला होता. विशालच्या नि सचिनच्या वेळची घाई त्यात नव्हती. जबड्यापर्यंत आली आणि दोन्ही तळहातांत चेहरा धरून बसली.

"एवढी मोठी झाली व्हय गं?"

अनिता आजीसमोर खाली बसली, आजीच्या मांडीवरचं प्लास्टिकचं डोकं उचलून तिनं माझ्या काउंटरवर ठेवलं आणि त्या जागी स्वतःचं ठेवलं. आजीचा हात तिच्या चेहऱ्यावरून फिरला, परत फिरला. गुदगुल्या होत असणारच. पण पोरगी हलली नाही. तिच्या वडिलांनी कपाटातल्या डोक्यांत एकदम रस घेतला आणि माझ्याही चष्म्याला तेव्हाच धूळ लागली.

निघताना सगळ्यांच्या गडबडीत ते डोकं काउंटरवरच राहिलं. मी संध्याकाळी वाडीवर फोन लावला, म्हटलं कुणाला तरी पाठवा, घेऊन जातील.

"राहू दे तिथंच," आजी म्हणाली. "बिनबोलती अनिता घेऊन मी काय करू?"